पद नटाचं की गवयाचं?

नाट्यसंगीताला महाराष्ट्रात आज काही कमी नाही. दिवाळी पहाट असो, गणेशोत्सव असो, एखाद्या पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव असो, नाट्यगीतांचा कार्यक्रम ठरलेलाच. पांढऱ्या गाद्या, मागे फ्लेक्स, बाजूला ऑर्गन. ज्या दिवशी मुलगी गेली त्याच दिवशी बालगंधर्वांनी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग कसा केला, ती हकीकत निवेदिका गहिवरून सांगते. गायक डोळे मिटून ‘नाही मी बोलत नाथा’ सुरू करतो आणि तिसऱ्या तानेला टाळ्या पडतात. कमी आहे ती नाटकांची. ही पदं, म्हणजे नाटकातली गाणी, ज्या नाटकांतून उचलली, ती सगळ्या अंकांसह, वेशभूषेसह, ‘मानापमान’मधल्या न गाणाऱ्या लक्ष्मीधरासह उभी राहिलेली पाहायची तर राज्य संगीत नाट्य स्पर्धेची वाट बघायची, नाहीतर गोव्यातली एखादी जत्रा गाठायची.

संगीत नाटक का मागे पडलं, याची उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. प्रेक्षक उरला नाही, रागदारी कुणाला कळत नाही, नाटकं फार लांब, भाषा फार जुनी. आयुष्याचा बराच भाग नाट्यगृहांच्या खुर्च्यांत घालवलेल्या माणसाला यातलं एकही उत्तर पुरेसं वाटत नाही. माझं निदान वेगळं आहे. पद हे पात्राचं बोलणं असतं. आपण ते पात्राच्या तोंडून काढून आधी गवयाच्या हवाली केलं आणि आता यंत्राच्या हवाली करतो आहोत. पात्राला त्याचं पद परत मिळालं तर संगीत नाटकाला प्रेक्षक मिळतो, हे आजही दिसतं. मिळालं नाही तर कितीही महोत्सव भरवा, हाती मैफलच लागणार.

थोडं मागे जाऊ. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा. राम असो की रावण, पात्रं प्रसंग साजरा करायची, वेळेवर सुचेल तसं बोलायची, आणि गाण्याचा सगळा भार सूत्रधारावर. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक केले आणि ही व्यवस्था मोडली. शकुंतलेचं गाणं शकुंतला गाऊ लागली, दुष्यंताचं दुष्यंत. मराठी रंगभूमीवर गाणं त्याआधीही भरपूर होतं, तेव्हा किर्लोस्करांनी गाणं आणलं असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी गाण्याची मालकी बदलली. संगीत नाटकाची सगळी क्रांती एवढीच आहे आणि ती लहान नाही.

म्हणून नट ओठ हलवतो आणि आवाज ध्वनिमुद्रणातून येतो, असा प्रयोग पाहताना मला राग येण्याआधी हसू येतं. हे १८८० च्याही मागे जाणं झालं. भाव्यांचा सूत्रधार निदान समोर उभा असायचा, झांज वाजवायचा, घाम गाळायचा. आजचा सूत्रधार पेनड्राइव्हमध्ये असतो.

‘सौभद्र’ हे १८८२ चं नाटक. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचं मन अर्जुनाकडे आहे, आणि घरातल्या एकाही वडीलधाऱ्याला तिचं ऐकायचं नाही. अशा वेळी ती ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणते. हा प्रश्न आहे, आणि तो खराच विचारलेला आहे. तिला कुणाला तरी शरण जायचंय आणि कुणी दिसत नाही. हे पद मी अनेक गायिकांकडून ऐकलं आहे. त्यातल्या बहुतेकींनी ‘शरण’वर इतका वेळ मुक्काम केला की सुभद्रेला आता काही घाई उरली नाही, तिचं लग्न पुढल्या वर्षी असावं, असं वाटलं. मोजक्या जणींनी ते विचारल्यासारखं गायलं, आणि त्या वेळी शेजारच्या खुर्चीतला माणूस नकळत पुढे सरकून बसलेला पाहिला आहे. फरक आवाजाच्या प्रतीत नव्हता. पहिल्या गटातल्या काहींचे आवाज जास्त तयार होते.

देवलांच्या ‘शारदे’त तर गवयाला शिरायला जागाच नाही. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ ही पंचाहत्तरीच्या नवरदेवाची टिंगल आहे. तिथे राग कोणता हे कुणी विचारत नाही. ‘इतुका न’ वर किती थांबायचं आणि ‘अवघे’ किती सोज्वळपणे म्हणायचं एवढंच महत्त्वाचं. हे नटाचं काम आहे. देवलांनी जुन्या, कानावरच्या चाली घेतल्या, साकी, दिंडी, लावणीच्या वळणाच्या. चाल आधीच माहीत असली की ऐकणारा शब्दांकडे मोकळा होतो. १८९९ सालच्या त्या नाटकाने जरठ-कुमारी विवाहावर जे बोट ठेवलं, ते या गाण्यांतूनच घरोघर पोचलं.

मग पद फुगायला लागलं. कधी आणि कुणामुळे, यावर रंगभूमीच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. मी माझं मत सांगतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या ‘वीरतनया’त पारशी-उर्दू रंगभूमीच्या वळणाच्या, लोकांना नव्या वाटणाऱ्या चाली आणल्या आणि प्रेक्षक चालीसाठी येऊ लागला. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, त्यात पूरबी ठुमरी-दादऱ्याचा रंग आला. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांमुळे ख्यालाच्या बंदिशी थेट रुक्मिणीच्या तोंडी आल्या. यातलं प्रत्येक पाऊल संगीताच्या दृष्टीने पुढचं होतं, हे कोण नाकारेल? नाटकाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक पावलागणिक पद थोडं थोडं पात्राच्या हातून सुटत गेलं. मधे उभे होते बालगंधर्व, म्हणून ते सुटणं कुणाच्या लक्षात आलं नाही.

बालगंधर्वांच्या नावाने आपण इतके भाबडे होतो की त्यांच्या अभिनयाबद्दल बोलायचं राहूनच जातं. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐका. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. त्या तीन मिनिटांत ते तान घेतात, हरकती घेतात, आणि तरी एकही शब्द चुरगळत नाही. लाडिकपणा, रुसवा, आर्जव सगळं उच्चारात आहे. शालू-पैठण्यांचा एवढा सोस असलेला हा नट १९१९ च्या ‘एकच प्याला’त ठिगळं लावलेलं लुगडं नेसून सिंधू म्हणून उभा राहायचा. ‘कशि या त्यजू पदाला’ हे दारुड्या नवऱ्याला सोडून माहेरी न जाणाऱ्या बाईचं म्हणणं आहे. आज तिच्या त्या म्हणण्याशी आपलं पटणार नाही, पटूही नये. पण बालगंधर्वांच्या आवाजात ते ऐकताना ती असं का म्हणते ते कळतं. त्यांच्या नंतरच्यांनी त्यांच्याकडून तान घेतली, हे कळणं घेतलं नाही.

याच काळातली एक मोठी दंतकथा आहे संयुक्त ‘मानापमान’ची. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी यांचा एकत्र प्रयोग. केशवराव भोसले नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. त्यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. कुणाचं कोणतं पद कसं रंगलं, कुणी कुणाला दाद दिली, सगळं. त्या रात्री भामिनीला धैर्यधर आवडू लागला की नाही, हे मात्र मला अजून कुठल्या वर्णनात सापडलेलं नाही! तीनच महिन्यांनी केशवराव गेले, त्यामुळे त्या रात्रीभोवती एक हळवं वलय आलं आणि नाटक म्हणजे दोन गळ्यांचा सामना ही समजूत पक्की झाली.

खरं तर त्या जुन्या मंडळ्या आपल्यापेक्षा शहाण्या होत्या. गाणाऱ्या नटासमोर त्या तोलामोलाचा गद्य नट उभा करत. बालगंधर्वांसमोर गणपतराव बोडस होते. लक्ष्मीधर असो, ‘एकच प्याला’तला सुधाकर असो, ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव असो, बोडसांनी गाण्याचा एक सूर न लावता प्रेक्षक बांधून ठेवला. आजच्या पुनरुज्जीवनांत सगळ्यात हेळसांड कुणाची होत असेल तर या गद्य भूमिकांची. गायक नट आधी ठरतो, त्याच्या तारखा सांभाळल्या जातात, आणि लक्ष्मीधराला जो मोकळा असेल तो. मग दोन गाण्यांमधला वेळ प्रेक्षकांना जड जाणारच. हॉलबाहेर पडताना लोक म्हणतात, नाटक जुनं झालंय. जुनं झालेलं नसतं, बसवलेलंच नसतं.

अशा प्रयोगांत एक दृश्य हमखास दिसतं. रुसलेली प्रिया डावीकडे बसली आहे आणि ‘नच सुंदरी करू कोपा’ म्हणणारा कृष्ण तिच्याकडे पाठ करून, रंगमंचाच्या मधोमध, माईकसमोर उभा आहे. मनधरणी चालली आहे ती पहिल्या तीन रांगांची. प्रिया बिचारी पदर चाळवत बसते, कारण पुढची सात-आठ मिनिटं तिला दिग्दर्शकाने काही दिलेलंच नाही. छोटा गंधर्वांचं हेच पद ध्वनिमुद्रणात ऐकलं तर कळतं की त्यातली प्रत्येक हरकत कुणाकडे तरी बघून घेतलेली आहे. आधी लाडीगोडी, मग खोडी काढणं, मग पुन्हा लाडीगोडी. गाणं फुलतं ते समोरची अजून हसलेली नाही म्हणून. ती हसली की पद संपायला हवं, आणि खरा नट ते संपवतो.

वन्समोरचंही तसंच. मी वन्समोरच्या विरोधात नाही, स्वतः दिलेले आहेत. पण ‘नाही मी बोलत नाथा’ म्हणणारी भामिनी प्रेक्षकांच्या आग्रहाखातर तीनदा तेच सांगते तेव्हा नाथाची काय अवस्था होत असेल, याचा विचार मनात येतोच.

नाटकाची शिस्त गाण्याला कशी लावायची हे पुढच्या लोकांनी दाखवून दिलं होतं. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. केशवराव भोळ्यांचं संगीत, मोजकी गाणी, भावगीताच्या अंगाची, दिवाणखान्यात शोभतील अशी, आणि ती गायला ज्योत्स्ना भोळे. बाईची भूमिका बाईने करणं आणि गाणं घराच्या आवाजात येणं, दोन्ही एकदम झालं. १९४२ च्या ‘कुलवधू’त मास्टर कृष्णरावांच्या चाली होत्या, म्हणजे गाणं पक्कंच होतं, पण ते मो. ग. रांगणेकरांच्या सुटसुटीत घरगुती नाटकात बसलं. ज्योत्स्नाबाईंच्या ‘बोला अमृत बोला’त दाखवेगिरीचा एक सूर नाही.

साठच्या दशकातल्या पुनरागमनाबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. विद्याधर गोखल्यांची ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मंदारमाला’ ही नाटकं, त्यातले राम मराठे, प्रसाद सावकार यांच्यासारखे गायक, ‘बसंत की बहार’ची जुगलबंदी... या नाटकांनी ओस पडलेल्या संगीत रंगभूमीला गर्दी परत आणून दिली आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण ती जुगलबंदी म्हणजे नाटकात बसवलेली मैफलच. गंमत म्हणजे तीच युक्ती १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खरी ठरली, कारण नाटककार दारव्हेकरांनी नाटकाचा विषयच गाण्याचा सामना केला. एकच ‘घेई छंद मकरंद’ दोन घराण्यांच्या दोन चालींत येतं तेव्हा तो संगीताचा नमुना राहत नाही, ती दोन माणसांची दोन स्वभावचित्रं होतात. जितेंद्र अभिषेकींची ही सर्वांत हुशार खेळी. आणि वसंतराव देशपांडे त्यातले गवई खाँसाहेब म्हणून उभे राहिले ते गवई म्हणून मोठे होते एवढ्यानेच नव्हे. हट्ट, अपमान गिळणं, दुसऱ्याच्या सुराचा हेवा वाटणं हे सगळं त्यांच्या तानेत उतरलं होतं. नंतर ही भूमिका केलेल्यांना गाण्याच्या परीक्षेला बसावं लागतं आणि लोक त्यांना गुणही गाण्याचेच देतात. त्या हेव्याचं काय झालं, कुणी विचारत नाही.

अभिषेकींनी ‘कट्यार’च्या आधी, १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त, दुसरं टोक गाठून ठेवलं होतं. वसंत कानेटकरांचं नाटक, आणि पदं आखूड, चाल नवी, एकेका भावावर बोट ठेवून पुढे सरकणारी. रामदास कामतांचं ‘गुंतता हृदय हे’ आज मैफलीत पंधरा मिनिटं चालतं. नाटकात त्याला एवढा वेळ कुणीच दिला नसता.

आता ज्या मतावर माझे संगीतप्रेमी मित्र हमखास चिडतात, ते मत. किर्लोस्करांचा खरा वारसा नाट्यगीतांच्या कार्यक्रमांकडे गेलेला नाही. तो १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’कडे गेला. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कीर्तन, लावणी, अभंग, भूपाळी, माणसांचीच केलेली भिंत, आणि त्या भिंतीतला प्रत्येक जण गाणारा, नाचणारा, वळणारा. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्यासारखे गाणारे नट त्यात होते, पण गाणं म्हणून ते पुढे येऊन थांबले नाहीत. त्या नाटकातून संगीत काढून टाका, गोष्ट उरणार नाही. ‘संगीत’ हा शब्द नाटकाच्या नावाआधी लावण्याची याहून वेगळी कोणती पात्रता असते? तरी संगीत नाटकाच्या याद्यांत त्याला जागा नसते, कारण त्यात यमन नाही आणि नांदीला गणपतीसमोर नारळ फोडल्यासारखा भक्तिभाव नाही.

हीच रेघ पुढे ‘देवबाभळी’पर्यंत येते. प्राजक्त देशमुखांचं २०१७ चं हे नाटक. पायात बाभळीचा काटा रुतलेली तुकोबांची आवली, आणि तिची सेवा करायला लखूबाई बनून आलेली रुक्मिणी. दोनच बायका. आनंद ओकांचं संगीत, ओवी-अभंगाच्या वळणाचं. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी दोघी रंगमंचावर स्वतः गात, आणि भांडताना, लुगडं आवरताना, चुलीशी बसताना गात. ज्यांना रागदारी कळत नाही म्हणून आपण हळहळतो, त्या प्रेक्षकांनी या नाटकाचे प्रयोग भरभरून घेतले. प्रशांत दामल्यांच्या ‘एका लग्नाची गोष्ट’मधल्या ‘मला सांगा सुख म्हणजे नक्की काय असतं’ला वर्षानुवर्षं वन्समोर पडला, तोही याच प्रेक्षकाकडून. दामले शास्त्रीय गायक असल्याचा दावा करत नाहीत. पण ते गाणं त्या माणसाला त्या वेळी पडलेला प्रश्न असतं, आणि ते तो प्रश्न आपल्यालाच विचारत असतात.

प्रेक्षक उरला नाही, ही सबब म्हणून मला चालत नाही. २०१५ साली ‘कट्यार’चा चित्रपट आला तेव्हा तरुण पोरं बंदिशी गुणगुणत बाहेर पडत होती. अर्थात चित्रपटाची गोष्ट निराळी. तिथे सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांना राहुल देशपांडेंचा आवाज आणि सुबोध भाव्यांच्या सदाशिवला महेश काळ्यांचा आवाज असला तरी बिघडत नाही. पडद्यावरचं सगळंच जोडकाम असतं आणि ते आपण मान्य करून तिकीट काढतो. रंगमंचावर मात्र तो माणूस माझ्यासमोर श्वास घेत असतो. त्याचा श्वास एकीकडे आणि सूर दुसरीकडे, हे मला पाचव्या रांगेतूनही दिसतं आणि पंधराव्या रांगेतूनही कळतं.

निर्मात्यांची बाजू मी ऐकलेली आहे, आणि ती खोटी नाही. ऑर्गन आणि तबला असे दोन साथीदार घेतले की दोन नाइटी, म्हणजे प्रयोगामागची मानधनं, वाढल्या, गाडीत दोन जागा वाढल्या, मुक्काम वाढला. प्रयोग शनिवार-रविवारीच लागतात. गायक नटाचा घसा बसला तर प्रयोग रद्द. ट्रॅकचा घसा बसत नाही. सगळं खरं. पण ट्रॅकवर नट यंत्राची वाट बघतो, साथीदार नटाची वाट बघतो, हा फरक पैशात कसा मोजणार? प्रेक्षक अनपेक्षित हसला तर ऑर्गनवाला दोन स्वर भरून थांबतो आणि नटाला मोकळीक मिळते. सहकलाकार उशिरा आला तर तबला एक आवर्तन जास्त घेतो. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीला अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर होते, आणि तेवढ्या तोलाची माणसं नटाच्या शब्दावर कान ठेवून बसायची. पूर्ण गाणंच आधी ध्वनिमुद्रित असेल तर नट त्या रात्री काही नवं सुचूच देत नाही स्वतःला. सुचून करणार काय?

कीर्ती शिलेदारांनी हे शेवटपर्यंत सांभाळलं. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ मध्ये उभी केलेली ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था, जुन्या नाटकांचे दौरे, साथीदारांचा संच, तालमींची शिस्त, आणि स्वतःचं गाणं. २०२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा शोकसभांत त्यांच्या आवाजावर पुष्कळ बोललं गेलं. संच टिकवण्यावर फारसं नाही. माझ्या मते मोठं काम ते होतं. ललितकलादर्शच्या भालचंद्र पेंढारकरांचं नावही इथेच घ्यायला हवं. तिसरी घंटा वेळेवर देण्याचा त्यांचा खाक्या आणि नाटकांची ध्वनिमुद्रणं करून ठेवण्याची त्यांची चिकाटी, दोन्ही एकाच वृत्तीतून आलेली होती.

जुन्या संहितांच्या कात्रीबद्दलही बोललं पाहिजे. पाच तासांचं नाटक आज तीन तासांत आणायचं म्हणजे काही जाणारच. पण जातं काय? संवाद जातात, दुय्यम पात्रं जातात, आणि लोकांना पाठ असलेली पदं तेवढी राहतात. मग एका पदापासून दुसऱ्या पदापर्यंत कथा लंगडत येते. मी असतो तर उलट केलं असतं. ‘शाकुंतला’त पदं दोनशेच्या आसपास, ती सगळी एकाच तोलाची असतील असं स्वतः अण्णासाहेबही म्हणाले नसते. ज्या पदाने प्रसंग पुढे जातो ते ठेवायचं, आणि ज्याने तो थांबतो ते कितीही गोड असलं तरी काढायचं. तान एक पुरते. पदं कमी केली म्हणून चार ज्येष्ठ रसिक निषेधाची पत्रं लिहितील. लिहू देत, मी त्यांच्याच पिढीचा आहे. गोव्यात जत्रेला गावकरी नाटक उभं करतात, त्यातलं गाणं कित्येकदा ओबडधोबड असतं. पण मांडवातल्या प्रत्येकाला पुढे काय होणार याची उत्सुकता असते, अगदी शंभरदा पाहिलेल्या ‘सौभद्रा’तही.

राहिला सरकारी पैशाचा प्रश्न. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरातलं त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ पासूनची वास्तू. सगळा महाराष्ट्र हळहळला, ती पुन्हा उभारायचं ठरलं, आणि ते योग्यच झालं. वास्तूंसाठी आपल्याकडे पैसा उभा राहतो. पुरस्कारांसाठी राहतो, महोत्सवांसाठी राहतो. तालमींसाठी राहत नाही. संगीत नाटकाला गद्य नाटकापेक्षा जास्त तालीम लागते आणि ती साथीदारांसह लागते. नेमका तोच खर्च कुणी उचलत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था वर्षभर राबतात, एक प्रयोग करतात, बक्षीस मिळालं तर आणखी एखादा, आणि संच पांगतो. मला विचाराल तर दहा महोत्सवांचा पैसा थांबवावा आणि तीन-चार संस्थांना सलग काही वर्षं तालमीचं मानधन, साथीदारांचं मानधन आणि नव्या संहितेचा मोबदला द्यावा. अट दोनच. गाणं रंगमंचावर, साथ समोर. विषय, राग, भाषा यांतल्या कशावरही अट नको. कुणाला रॅप करायचा असेल तर करू दे, किर्लोस्करांनीही आपल्या काळाच्याच चाली घेतल्या होत्या.

शिक्षणातही हीच फाळणी आहे. नाट्यगीत शिकवणाऱ्या वर्गात पोरं मांडी घालून बसतात आणि उठून चार पावलं चालायची वेळ त्यांच्यावर कधी येत नाही. अभिनय शिकवणाऱ्या वर्गात आवाजाचे व्यायाम असतात, गाणं नसतं. पुण्याच्या ललित कला केंद्रात नाट्य, संगीत, नृत्य एकाच आवारात शिकवतात. तशी आवारं वाढायला हवीत आणि त्यांच्यामधले दरवाजे उघडे राहायला हवेत.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर एक गोष्ट विनाखर्चाची आहे. नाटकाच्या जाहिरातीत प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा यांची नावं छापतात, सूत्रधार, म्हणजे हल्लीच्या अर्थाने प्रयोगाची व्यवस्था पाहणारा, कोण तेही छापतात. तिथेच आणखी एक ओळ छापावी. गाणी रंगमंचावर गायली जाणार की ध्वनिमुद्रित, आणि ऑर्गन-तबल्याला कोण. निर्मात्याने नाही छापली तर बुकिंगच्या खिडकीवर आपण विचारावं. मी विचारतो. खिडकीतला मुलगा बहुतेक वेळा आत जाऊन कुणाला तरी विचारून येतो.